'मंजूर' म्हणाले कोण?

महिन्याची अखेर आहे. रात्रीचे पावणेअकरा वाजले आहेत. एका मध्यम आकाराच्या कंपनीत पगारपत्रके तयार करणारा संगणक मध्येच अडला आहे आणि उद्या सकाळी पाचशे माणसांच्या खात्यांत पगार जमा व्हायचा आहे. दुरुस्तीचे काम सुनंदा नावाच्या अभियंत्याकडे आहे, असे समजू. पगाराची माहिती ज्या डेटाबेसमध्ये आहे तो उघडण्याचा अधिकार तिला एरवी नाही. आणि नाही हेच योग्य आहे, कारण कोणाला किती पगार मिळतो हे तिला रोज दिसण्याचे काही कारण नाही. सुनंदा घरूनच कंपनीच्या चॅटवर लिहिते, "पगाराच्या डेटाबेसमध्ये एक तास प्रवेश हवा आहे. पगारपत्रके अडकली आहेत." तिच्या विभागप्रमुखांच्या मोबाइलवर हा निरोप येतो. खाली दोन बटणे आहेत: मंजूर आणि नामंजूर. ते जेवता जेवता डाव्या हाताने 'मंजूर' दाबतात. अर्ध्या मिनिटात डेटाबेसचे कुलूप सुनंदापुरते उघडते आणि तासाभराने आपोआप बंद होते.

ही गोष्ट काल्पनिक असली तरी असे व्यवहार आज जगभरच्या कार्यालयांत रोज होतात. लेखी अर्ज, त्यावर शेरा, शेऱ्याखाली सही, मग चावी, या सगळ्याला पूर्वी दोन दिवस लागत. आता मिनिट लागते. पण जरा थांबून विचार करा. डेटाबेसच्या कुलपाने विभागप्रमुखांना पाहिलेले नाही, त्यांचा आवाज ऐकलेला नाही, त्यांची सही तपासलेली नाही. त्याच्यापर्यंत पोहोचली ती दुसऱ्याच कंपनीच्या संगणकाकडून इंटरनेटवरून आलेली काही अक्षरे. तेवढ्यावर कुलूप उघडले. 'मंजूर' नक्की कोण म्हणाले, हे त्याला कसे कळले?

दोन प्रश्न, दोन यंत्रणा

कुलपापाशी आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावे लागतात. 'तू कोण?' हा पहिला आणि 'तुला आत जायची मुभा आहे का?' हा दुसरा. बोलण्याच्या ओघात आपण ते एकत्र करून टाकतो, पण ते अगदी वेगळे आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेच्या दाराशी दहावीतला एक मुलगा येतो. आपण त्याला पाचवीपासून ओळखतो. म्हणून काही आपण त्याच्या हाती सल्फ्युरिक आम्लाच्या कपाटाची चावी देत नाही. ओळख पटणे आणि अधिकार असणे यांतील हा फरक संगणकाच्या बाबतीतही तसाच लागू होतो.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी आठ तत्त्वे मांडली. पन्नास वर्षे होऊन गेली, संगणक खोलीएवढा होता तो खिशात आला, पण ही आठ तत्त्वे अजून शिकवली जातात. त्यांतले एक किमान अधिकाराचे: प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला हातातल्या कामापुरताच अधिकार असावा, जास्त नको. दुसरे असे की, शक्य तेथे एका किल्लीऐवजी दोन किल्ल्यांचे कुलूप लावावे. बँकेतल्या लॉकरला एक चावी आपली आणि एक बँकेची लागते, तसे. लॉकरचेच उदाहरण त्या लेखातही आहे.

किमान अधिकाराचे तत्त्व ऐकायला सोपे आहे, पण पाळायला फार कठीण. कोणत्याही जुन्या शाळेतल्या शिपायाच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा पाहा. दर वर्षी त्यात एखादी चावी वाढते. कमी कधीच होत नाही. संशोधन संस्थांतल्या सामायिक संगणकांवरही हेच दिसते. पीएच.डी. संपवून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते पाच वर्षांनंतरही चालू असते, कारण ते बंद करणे हे कोणाचेच ठरलेले काम नसते. मग मार्ग काय? कायमची चावी द्यायचीच नाही. गरज पडेल तेव्हा, गरजेपुरत्या वेळासाठी द्यायची आणि प्रत्येक वेळी जबाबदार माणसाला विचारायचे. पण विचारणे इतके सोपे हवे की लोकांनी ते टाळू नये. म्हणूनच चॅट मध्ये आले.

चॅटची ओळख शिक्षकांना वेगळी करून द्यायला नको. २०२० च्या टाळेबंदीत मायक्रोसॉफ्ट टीम्सवर अनेकांनी वर्ग घेतले. टीम्स २०१७ मध्ये सुरू झाले. त्याआधी २०१४ मध्ये स्लॅक नावाचे अशाच प्रकारचे साधन सर्वांसाठी खुले झाले होते. दुसरी यंत्रणा आपल्याला सहसा दिसत नाही. ती कार्यालयाच्या पडद्याआड बसून कोण नोकरीत आहे, कोण कोणत्या विभागात आहे, कोणाला कोणत्या फाइली आणि डेटाबेस उघडता येतील याचा हिशेब ठेवते. तिला आपण प्रवेशयंत्रणा म्हणू. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ साली स्थापन झालेली ओक्टा ही अशी यंत्रणा पुरवणारी एक मोठी कंपनी. मायक्रोसॉफ्टचीही स्वतःची यंत्रणा आहे.

तेव्हा चित्र असे आहे: निरोप नेणारा एक, चाव्या सांभाळणारा दुसरा, दोघांचे मालक वेगळे, दोघांचे संगणक वेगळ्या शहरांत. त्यांची गाठ घालून द्यायची म्हणजे दोन बाजूंचा विश्वास दोन वेगळ्या रीतींनी बांधावा लागतो.

पितळी टोकन

पहिली बाजू सोपी. प्रवेशयंत्रणेला चॅटमध्ये निरोप टाकता आला पाहिजे. तिने चॅटच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड मागून घेतला तर काम होईल, पण मग तिला व्यवस्थापक करू शकतो ते सगळेच करता येईल. सगळ्यांचे खाजगी निरोपही वाचता येतील. किमान अधिकाराचा तेथेच निकाल लागला.

पूर्वी बँकेत चेक दिला की खिडकीतून पितळेचे टोकन मिळायचे. त्यावर नंबर असे. ते दाखवले की रोखपाल तेवढ्याच चेकचे पैसे द्यायचा. त्या टोकनाने तुमचे खाते उघडता येत नसे, शिल्लक कळत नसे. चॅट आणि प्रवेशयंत्रणा यांच्यात असेच टोकन चालते. ते देण्याघेण्याची जी पद्धत सर्वत्र वापरात आहे तिचे नाव ओऑथ. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. चॅटचा व्यवस्थापक पडद्यावर एक यादी पाहतो. हा प्रोग्राम निरोप पाठवू शकेल, सदस्यांचे ईमेल पत्ते पाहू शकेल, वगैरे. त्याने मान्यता दिली की त्याच्या ब्राउझरमार्फत प्रवेशयंत्रणेकडे एक तात्पुरता संकेतांक जातो. तो एकदाच चालतो आणि काही मिनिटांत बाद होतो. प्रवेशयंत्रणा हा संकेतांक आणि स्वतःचे एक गुपित घेऊन थेट चॅटच्या सर्व्हरकडे जाते, आणि तेव्हा तिला खरे टोकन मिळते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ब्राउझरमधून जाणारी गोष्ट वाटेत कोणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता असते. नुसता संकेतांक चोरून उपयोग नाही, गुपितही हवे. आणि गुपित ब्राउझरमधून कधी जातच नाही.

टोकनाचा एक दोष मात्र पितळी टोकनासारखाच आहे. ते हरवले आणि दुसऱ्याला सापडले तर रोखपाल नाव विचारत नाही.

मंजुरीचा परतीचा प्रवास

दुसरी बाजू अवघड आणि खरी महत्त्वाची. विभागप्रमुखांनी बटण दाबले की चॅटचा सर्व्हर प्रवेशयंत्रणेच्या एका पत्त्यावर संदेश पाठवतो: अमुक क्रमांकाच्या सदस्याने अमुक विनंतीवर 'मंजूर' दाबले. हा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो, म्हणजे कोणीही त्यावर असा संदेश धाडू शकतो. मग खरा कोणता आणि बनावट कोणता?

जोडणी करतानाच दोन्ही बाजूंना एक गुपित दिलेले असते. संदेश पाठवणारा संदेश आणि गुपित यांवर मिळून एक गणिती क्रिया करतो आणि उत्तर संदेशासोबत पाठवतो. गुपित स्वतः कधीच पाठवत नाही. घेणारा तीच क्रिया स्वतः करून पाहतो. उत्तर जुळले तर संदेश खरा. या उत्तराला आपण स्वाक्षरी म्हणू.

वर्गात हे छोट्या आकड्यांवर करून पाहता येते. समजा गुपित आहे ३७. विनंतीचा क्रमांक ४८२ आणि वेळ १० वाजून १५ मिनिटे, म्हणजे १०१५. नियम असा: क्रमांक आणि वेळ यांची बेरीज करा, तिला गुपिताने गुणा, १०१ ने भागा आणि बाकी लिहा. बेरीज १४९७, गुणाकार ५५३८९, बाकी ४१. ही झाली स्वाक्षरी. आता वाटेत कोणी ४८२ चे ४८३ केले तर बेरीज १४९८, गुणाकार ५५४२६ आणि बाकी ७८. सोबत आलेला ४१ जुळत नाही. लबाडी पकडली गेली.

आता विद्यार्थ्यांना सांगा, ही स्वाक्षरी फसवून दाखवा. हुशार मुलांना दोन वाटा लवकरच सापडतील. क्रमांक ४८३ करून वेळ १०१४ केली तर बेरीज तीच राहते, स्वाक्षरीही तीच राहते! दुसरी वाट म्हणजे १ ते १०० पर्यंतचे सगळे आकडे गुपित म्हणून वापरून पाहायचे. ४१ हे उत्तर त्यांतल्या फक्त ३७ लाच येते. पाच-सहा मुलांनी आकडे वाटून घेतले तर एका तासिकेत गुपित फुटते.

प्रत्यक्षातली पद्धत या दोन्ही वाटा बंद करते. तिचे नाव एचमॅक. मिहिर बेल्लारे, रान कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी ती १९९६ साली मांडली. तिच्या पोटात घुसळण करणारी एक क्रिया असते. स्लॅकसारख्या साधनांत ती क्रिया म्हणजे एसएचए-२५६, जी अमेरिकेच्या मानक संस्थेने २००२ मध्ये प्रमाणित केली. तिच्यात संदेशातले एक अक्षर बदलले तरी उत्तरातले साधारण निम्मे अंक उलटेपालटे होतात, त्यामुळे बेरजेसारखी तडजोड साधता येत नाही. उत्तर २५६ द्विमान अंकांचे असते. म्हणजे शक्य उत्तरांची संख्या १ वर ७७ शून्ये लिहून येणाऱ्या संख्येएवढी, खरे तर थोडी जास्तच. गुपितही पुरेसे लांब ठेवले तर सगळी गुपिते वापरून पाहायला कोणाला सवड होणार नाही.

नुसते गुपितापुढे संदेश जोडून एकदा घुसळले तर पुरले नसते का? नाही. त्या घुसळणीची रचना अशी आहे की आलेल्या उत्तरापासून पुढे घुसळत राहून, गुपित माहीत नसतानाही, संदेशाला शेपूट जोडता येते. म्हणून एचमॅकमध्ये घुसळण दोनदा, एकात एक अशी असते. अशा बारकाव्यांमुळेच, स्वतःची गुप्तलिपी स्वतः बनवू नये, असे या विषयातले लोक सांगत असतात. वर्गातल्या खेळासाठी मात्र जरूर बनवावी.

आणखी एक पळवाट उरते. बनावट संदेश करता येत नाही, ठीक आहे. पण खराच संदेश टिपून ठेवला आणि उद्या पुन्हा धाडला तर? स्वाक्षरी जुळेलच. यासाठी वेळही स्वाक्षरीत गुंफलेली असते. आपल्या खेळात १०१५ घेतले ते उगाच नव्हे. स्लॅकचा सल्ला असा की पाच मिनिटांपेक्षा जुना संदेश सरळ फेकून द्यावा. त्या पाच मिनिटांतली पुनरावृत्ती अडवायला विनंतीचा क्रमांक कामी येतो. एकदा निकाल लागलेली विनंती पुन्हा उघडत नाही. उत्तराचीही घाई असते. संदेश मिळाल्याची पोच तीन सेकंदांत द्यावी लागते, नाहीतर चॅट बटण दाबणाऱ्याला चूक झाल्याचे दाखवते. तेव्हा प्रवेशयंत्रणा आधी 'पोहोचले' म्हणते आणि कुलपाचे काम मागाहून करते. आपल्या गोष्टीतले अर्धे मिनिट गेले ते येथे.

गणित जेथे संपते

एवढ्या बंदोबस्तानंतर आपल्याला काय कळले? संदेश चॅटच्या सर्व्हरकडूनच आला आणि वाटेत बदलला नाही, एवढेच. विभागप्रमुखांच्या खात्यातून बटण दाबले गेले हे चॅट सांगते आहे आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो आहोत. ते खाते त्या क्षणी विभागप्रमुखांच्याच हाती होते का, याबद्दल एचमॅक अवाक्षर काढत नाही.

नाव आणि फोटो यांवर तर मुळीच भिस्त ठेवता येत नाही. साहेबांचा फोटो लावून 'मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब पैसे पाठवा' असे व्हॉट्सॲपवर कळवणाऱ्या ठगांच्या बातम्या आपण वाचतोच. चॅटमध्येही दिसणारे नाव बऱ्याचदा ज्याचे त्याला बदलता येते. म्हणून जोडणी करताना चॅटमधला सदस्य आणि प्रवेशयंत्रणेतला कर्मचारी यांची सांगड न बदलणाऱ्या सदस्यक्रमांकाने घालावी लागते. शिवाय चॅटमध्ये शिरण्यासाठी वेगळा पासवर्ड न ठेवता ती ओळखही प्रवेशयंत्रणेनेच पटवून द्यावी अशी व्यवस्था करतात. त्यासाठी सॅमल नावाची एक प्रमाण पद्धत आहे. तिची २००५ सालची दुसरी आवृत्ती अजून वापरात आहे.

येथे एक गमतीदार वर्तुळ तयार होते. प्रवेशयंत्रणा चॅटला सांगते, 'हे विभागप्रमुख आहेत.' थोड्या वेळाने चॅट प्रवेशयंत्रणेला सांगते, 'विभागप्रमुखांनी मंजूर म्हटले.' म्हणजे पहिल्याने दिलेली खात्रीच फिरून त्याच्याकडे परत आली. या दोन घटनांमध्ये मात्र वेळ गेलेला असतो. सकाळी ओळख पटवून घेतल्यावर चॅट ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. तिच्यामुळे दर वेळी पासवर्ड विचारावा लागत नाही. ही कुकी चोरली तर चोराला पासवर्ड लागतच नाही.

हा नुसता तर्क नाही. जून २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या संगणकीय खेळ बनवणाऱ्या कंपनीतून मोठी चोरी झाली. फिफा २१ या फुटबॉलच्या खेळाचा मूळ प्रोग्रामही त्यात गेला. चोरांच्या प्रतिनिधीने मदरबोर्ड या वृत्तस्थळाला सांगितलेली हकिकत अशी: त्यांनी चोरीची कुकी १० डॉलरला विकत घेतली आणि तिच्या जोरावर कंपनीच्या स्लॅकमध्ये शिरले. तेथून संगणक विभागातल्या मदतनिसांना निरोप टाकला की काल रात्री एका पार्टीत फोन हरवला, नवा सुरक्षा संकेतांक द्या. मदतनिसांनी दिला. येथे कोणतीही स्वाक्षरी खोटी नव्हती, कोणतेही गणित मोडले नव्हते. चॅटमध्ये आहे म्हणजे आपलाच माणूस आहे, हे एका माणसाने गृहीत धरले, इतकेच.

दुसरे प्रकरण सप्टेंबर २०२२ चे, उबर कंपनीचे. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार तिच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराला मिळालेला होता. पण आत शिरताना त्या कर्मचाऱ्याकडे दर वेळी 'मान्य आहे का?' अशी विचारणा जाई. चोर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला, विचारणा होत राहिली आणि शेवटी एकदा कर्मचाऱ्याने मान्य केले. चोराने पुढे बरेच अधिकार मिळवले आणि कंपनीच्या सर्वांना दिसणाऱ्या स्लॅक चॅनेलवरच निरोप टाकला.

'मंजूर' या बटणाबद्दल मला शंका वाटते ती यामुळे. ते जितके सोपे तितकी त्यामागची नजर पातळ होते. दिवसातून तीस वेळा सही करणारा माणूस मजकूर वाचत नाही, हे आपण सरकारी कचेऱ्यांत आणि, खरे सांगायचे तर, उत्तरपत्रिका तपासण्याच्या शिबिरांतही पाहिले आहे. उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ओळख पटवणाऱ्या ॲपमध्ये नुसते बटण पुरेसे ठेवले नाही. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा आकडा मोबाइलवर लिहावा लागतो. समोर संगणकच नसेल तर आकडा आणणार कोठून? थोडासा अडथळा मुद्दाम ठेवलेला चांगला, याचे हे उदाहरण. मंजुरीच्या निरोपातही कोण, काय, किती वेळ आणि कशासाठी मागत आहे हे स्पष्ट दिसायला हवे. आणि पगारासारख्या नाजूक माहितीसाठी बटण दाबल्यावर तेथल्या तेथे पुन्हा ओळख पटवून घ्यायला हवी, म्हणजे वर्तुळातला वेळ नाहीसा होतो.

गोंधळलेला कारभारी

आता या साखळीतला शेवटचा गडी. चॅटमधून निरोप उचलून चावी फिरवणाऱ्या प्रोग्रामला बॉट म्हणतात. बॉटला पुष्कळ कुलपे उघडता यावी लागतात, नाहीतर त्याचा उपयोग काय? आणि तो हुकूम तर सगळ्यांकडून घेतो. ही जोडी धोक्याची आहे, हे नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने १९८८ मध्ये एका छोट्या लेखात जुनी हकिकत सांगून दाखवले होते.

टाइमशेअर नावाच्या कंपनीत अनेक ग्राहक एकच मोठा संगणक भाड्याने वापरत. तेथे फोरट्रान भाषेतले प्रोग्राम यंत्रभाषेत आणणारा एक कंपायलर होता. तो आपल्या वापराची आकडेवारी एका फाइलीत लिहून ठेवी. त्यासाठी त्याला त्या फाइलीच्या संपूर्ण कप्प्यात लिहिण्याची मुभा दिलेली होती. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. कंपायलर ग्राहकाला एक सोयही देत असे: चुका शोधायला मदत करणारी माहिती कोणत्या फाइलीत लिहू, ते नाव सांगा. एका ग्राहकाने बिलांच्या फाइलीचे नाव सांगितले. ग्राहकाला स्वतःला ती फाइल उघडता आली नसती. पण लिहायला गेला तो कंपायलर. संगणकाने पाहिले, याला या कप्प्यात लिहिण्याची मुभा आहे. लिहू दिले. बिले पुसली गेली.

चूक कोणाची? कंपायलरने सांगितलेले काम केले. संगणकाने नियम पाळला. हार्डीने या कंपायलरला जे नाव दिले त्याचे मराठी 'गोंधळलेला कारभारी' असे करता येईल. तो दोन मालकांची चाकरी करतो. काम करताना कोणाच्या अधिकाराने करतो आहे, हे त्याच्या लक्षात राहत नाही.

चॅटमधला बॉट हा असाच कारभारी होऊ शकतो. सुनंदाने पगाराच्या डेटाबेसऐवजी, चुकून किंवा मुद्दाम, संचालकांच्या फाइलींचे नाव लिहिले आणि विभागप्रमुखांनी न वाचता 'मंजूर' दाबले, तर बॉटला स्वतःला दोन्ही कुलपे उघडता येतात, म्हणून त्याने उघडावे का? म्हणून नीट बांधलेल्या जोडणीत बॉट निर्णय घेत नाही. तो निरोप नेतो, बस. सुनंदा ही वस्तू मागायला पात्र आहे का, ती मंजूर करण्याचा अधिकार याच प्रमुखांना आहे का, मागणारा आणि मंजूर करणारा एकच तर नाही ना, हे सर्व प्रवेशयंत्रणा आपल्या वहीत पाहून ठरवते आणि दर वेळी नव्याने पाहते. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटे केंद्रावर पोहोचवणाऱ्याला ती फोडण्याचा अधिकार नसतो, तसेच हे.

या वहीचा आणखी एक फायदा आहे. कोणी, केव्हा, कशासाठी मागितले आणि कोणी दिले याची नोंद आपोआप होते, आणि माणूस नोकरी सोडून गेला की एका ठिकाणी नाव कमी केल्यावर त्याची बाकीची खातीही बंद करता येतात. त्यासाठी यंत्रणांनी आपापसांत कसे बोलावे याचे प्रमाण २०१५ मध्ये ठरले. परदेशी गेलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्याचा प्रश्न निदान तत्त्वतः मिटला.

राहता राहिला एक व्यावहारिक प्रश्न: चॅटच बंद पडले तर? ४ जानेवारी २०२१ रोजी, नव्या वर्षातल्या कामाच्या पहिल्या सोमवारी, स्लॅक काही तास बंद होते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुकची सगळी सेवा सुमारे सहा तास जगभर ठप्प झाली. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर असल्यामुळे निकामी झाली होती. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि तेथले दरवाजे व यंत्रे मुद्दामच सहज उघडणार नाहीत अशी बांधलेली असल्याने आणखी वेळ गेला, असे कंपनीनेच नंतर लिहिले. म्हणून काळजी घेणाऱ्या संस्था एक-दोन खाती या सगळ्या साखळीच्या बाहेर ठेवतात. त्यांचा लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट सीलबंद करून तिजोरीत ठेवतात. तिजोरी उघडायला दोन माणसे लागतात. पाकीट फुटले की पासवर्ड बदलायचा, नवा कागद लिहायचा आणि पुन्हा सील करायचे.